घरातली चिचुंद्री आणि बेटावरची सापसुरळी

मॉरिशसच्या उत्तरेला समुद्रात काही लहान बेटे आहेत. त्यांतल्या एकाचे नाव राउंड आयलंड, म्हणजे गोल बेट, आणि त्याच्या शेजारच्या खडकाचे नाव सर्पंट आयलंड, म्हणजे सापांचे बेट. गंमत अशी, की गोल बेट गोल नाही आणि त्यावर साप आहेत. सापांचे बेट मात्र बऱ्यापैकी गोल आहे आणि त्यावर साप नाहीत. जुन्या काळी कुणा नकाशाकाराने दोन नावांची अदलाबदल केली असावी, असे तिथले लोक सांगतात. नावांचा घोळ कसाही झालेला असो, गोल नसलेल्या त्या गोल बेटावर जे साप, पाली आणि सापसुरळ्या शतकानुशतके तग धरून राहिल्या, त्यांच्यामुळे बेटांवरचे सरपटणारे प्राणी का नष्ट होतात आणि त्यांना वाचवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा सगळा गुंतागुंतीचा विषय एका ठिकाणी उलगडून दाखवता येतो.

राउंड आयलंड हा ज्वालामुखीतून वर आलेला, जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचा आणि सुमारे २८० मीटर उंचीचा डोंगर आहे. मॉरिशसच्या किनाऱ्यापासून तो वीस-बावीस किलोमीटरवर येतो. तिथे बंदर नाही, पुळण नाही, होडी लावायला धक्का नाही. लाट होडीला खडकाच्या पातळीपर्यंत उचलते त्या क्षणी उडी मारून उतरायचे, अशी तिथली रीत आहे. माणसाला ही अडचण वाटते. प्राण्यांच्या दृष्टीने तीच तटबंदी ठरली. जहाजांबरोबर उंदीर जगभर पोहोचले, मॉरिशसच्या मुख्य बेटावर तर ते डच लोक १५९८ मध्ये उतरले त्याच्याही आधी पोहोचले होते, पण राउंड आयलंडवर त्यांना पाय ठेवता आला नाही. एवढ्या एका कारणामुळे मुख्य बेटावरून नाहीसे झालेले कित्येक प्राणी या खडकावर उरले.

त्यांतला सर्वांत विलक्षण प्राणी म्हणजे राउंड आयलंड बोआ. नावात बोआ असला तरी तो अजगर किंवा आपल्याकडचे मांडूळ यांचा जवळचा नातलग नाही. त्याचे कूळच वेगळे आहे. या सापाचा वरचा जबडा मधोमध सांधा असल्यासारखा पुढच्या आणि मागच्या अशा दोन भागांत विभागलेला असतो आणि दोन्ही भाग हलतात. जमिनीवर राहणाऱ्या, पाठीचा कणा असलेल्या इतर कोणत्याही प्राण्यात अशी रचना सापडत नाही. या सापाच्या कुळाखेरीज ती कुठेच नाही. तिचा उपयोग काय, हे समजण्यासाठी सापसुरळी कधी हातात धरून पाहिली असेल तर ती आठवावी. तेल चोपडल्यासारखे गुळगुळीत, कडक खवल्यांनी मढवलेले ते अंग चिमटीतून सटकते. बोआचे भक्ष्य म्हणजे सापसुरळ्या आणि पाली, आणि असा निसटणारा घास दोन बाजूंनी आवळून धरायला हा दुमडणारा जबडा कामी येतो, असे अभ्यासक मानतात.

या कुळात दोन जाती होत्या आणि विसाव्या शतकात दोन्ही फक्त राउंड आयलंडवरच उरल्या होत्या. दुसरी जात जमिनीत बीळ करून राहणारी होती आणि ती १९७५ साली शेवटची दिसली. त्यानंतर कितीतरी वेळा शोध झाला. ती परत दिसली नाही. म्हणजे उंदीर नसतानाही ती गेली. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी आधी बेटावरच्या जगण्याचे काही नियम पाहायला हवेत.

बेटावर एखादी जात पोहोचते ती बहुतेक वेळा योगायोगाने. वाहत आलेल्या ओंडक्यावर बसून एखादी गाभण पाल येते, किंवा दिवसेंदिवस तरंगू शकणारे कासव किनाऱ्याला लागते. तिथे मांजर, मुंगूस किंवा उंदीर यांपैकी कुणीच नसते, कारण जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांना एवढा समुद्र ओलांडणे जवळपास अशक्य असते. मग हजारो पिढ्या शत्रूविना जातात. पळणे, लपणे, पटापट खूप अंडी घालणे या सवयी ज्या भीतीपोटी टिकतात, ती भीतीच उरत नाही. काही जाती आकाराने वाढतात, काहींची वीण संथ होते, आणि एकूण संख्या त्या बेटाच्या क्षेत्रफळाएवढीच मर्यादित राहते. मुख्य भूमीवरचा प्राणी एका जिल्ह्यातून गेला तरी शेजारच्या जिल्ह्यात असतो. बेटावरच्या प्राण्याचा जगात एकच पत्ता असतो. एखादे मोठे चक्रीवादळ, एखादा रोग किंवा एक गाभण उंदरीण यांपैकी काहीही त्या पत्त्यावर आले की सारा हिशेब एका फटक्यात संपतो.

जगातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १०,१९६ जातींची पाहणी करून २०२२ साली जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात किमान १,८२९ जातींना, म्हणजे पुरेशी माहिती नसलेल्या जाती वगळल्या तर सुमारे २१ टक्के जातींना, नामशेष होण्याचा धोका असल्याचे आढळले. धोक्याची कारणे सर्वत्र सारखी नाहीत. मुख्य भूमीवर शेती, जंगलतोड आणि वाढती शहरे ही नावे आधी येतात. बेटांवर मात्र बाहेरून आलेल्या प्राण्यांचे नाव फार वर असते.

माणसाने थेट केलेली कत्तलही अर्थात आहेच, आणि कासवांच्या बाबतीत तर तीच मुख्य होती. मॉरिशसच्या पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचे बेट आहे. तिथे १६९१ साली पोहोचलेल्या फ्रांस्वा लेगा या फ्रेंच प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे, की कासवांचे कळप इतके दाट असत की जमिनीला पाय न लावता त्यांच्या पाठींवरून शंभराहून अधिक पावले चालत जाता येई. ही कासवे खाण्यापिण्याशिवाय महिनोन्‌महिने जिवंत राहत, त्यामुळे जहाजावरची ती ताज्या मांसाची चालतीबोलती कोठारेच होती. ती हजारोंनी उचलली गेली. मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि रीयुनियन या तिन्ही बेटांवरची महाकाय कासवे पुढे समूळ संपली. आज त्यांची फक्त हाडे आणि कवचे उरली आहेत. डोडो पक्ष्याची कथा साऱ्या जगाला पाठ आहे. कासवांची कथा त्याच मातीतली असून तिला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही, हे मला नेहमी खटकते.

राउंड आयलंडवर मात्र वेगळेच घडले. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी तिथे शेळ्या आणि ससे आणून सोडले. निर्जन बेटांवर असे प्राणी सोडणे हा त्या काळच्या खलाशांचा रिवाज होता. वादळात सापडलेल्या जहाजाला अन्न मिळावे, असा त्यामागचा विचार असे. शेळीला कडा वर्ज्य नाही आणि सशाला कोंब वर्ज्य नाही. जुने झाड उभे राही, पण त्याच्याखाली उगवणारे प्रत्येक रोप खाल्ले जाई. त्यामुळे झाडे म्हातारी होऊन पडली तेव्हा त्यांची जागा घ्यायला कुणी नव्हते. कठीण लाकडाचे रान गेले, ताडाच्या जातीची काही झाडे तेवढी राहिली. मुळे गेल्यावर मातीला धरून ठेवणारे काही उरले नाही, आणि चक्रीवादळातल्या प्रत्येक पावसात ती त्या उतारांवरून समुद्रात गेली. आज त्या बेटाचा बराच भाग म्हणजे पाण्याने चरे पाडलेला उघडा खडक आहे. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या सापाला जमीनच उरली नाही, तर तो कुठे जाणार? त्याचा नेमका शेवट कसा झाला, हे कुणी पाहिलेले नाही, परंतु माती वाहून जाणे हेच त्याचे कारण सर्वाधिक पटते. त्या सापाला कुणी खाल्ले नाही. त्याच्या पायाखालची जमीन खाल्ली गेली.

मॉरिशसच्या मुख्य बेटाकडे आणि उत्तरेतल्या इतर लहान बेटांकडे वळले, की मराठी वाचकाला एक वेगळाच अनुभव येतो. तिथल्या उपद्रवी प्राण्यांची यादी वाचताना आपल्याच आळीतली हजेरी घेतल्यासारखे वाटते. पहिले नाव चिचुंद्रीचे. मोरीच्या भिंतीला घासून पळणारी, चूं चूं करणारी आणि मागे उग्र दर्प ठेवून जाणारी ती आपली चिचुंद्री. आपण तिला उंदीर समजतो, पण ती उंदरांच्या गणातली नाही. ती किडे, गांडुळे आणि लहानसहान जीव खाणारी पक्की शिकारी आहे, आणि अंगाच्या मानाने तिची भूक प्रचंड असते. दुसरे नाव कवड्या सापाचे. अंगावर फिकट पट्टे असलेला, रात्री भिंतीवरून सरसरत चढून पाली पकडणारा, आणि मण्यार समजून आपल्याकडे हकनाक मारला जाणारा हा बिनविषारी साप एकोणिसाव्या शतकातच मॉरिशसला पोहोचला. मुंगूस १९०० साली मुद्दाम आणले गेले, कारण नुकतीच प्लेगची साथ आली होती आणि उंदरांचा बंदोबस्त करायचा होता. ते आपल्या नेहमीच्या मुंगसाचे लहान भावंड. उंदीर संपले नाहीत. मुंगसाला जमिनीवरचे पक्षी आणि सरडे पकडणे अधिक सोपे वाटले. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरे काय. बागेतला सरडाही तिथे आहे. तो जावाहून उसाच्या बेण्याबरोबर आला, असे सांगतात. आणि भिंतीवरची पाल तर जहाजांच्या पाठीवर बसून जगभर फिरलेलीच आहे.

ज्या काळात हे प्राणी येत होते, त्याच काळात मुंबई बंदरातून गिरमिटाचा करार करून निघालेली मराठी कुटुंबेही उसाच्या मळ्यांवर काम करायला मॉरिशसला पोहोचत होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात, गणपती बसवतात. माणसे, उसाची बेणी, पोती, चारा आणि त्यांत दडलेले जीव यांची ती एकच मोठी वाहतूक होती. त्यातला दोष माणसांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण आपल्या परसातल्या ज्या जीवांकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, ते दुसऱ्याच्या बेटावर गेले की काय करतात, हे पाहण्यासारखे आहे.

पालीचेच उदाहरण घेऊ. मॉरिशसच्या बेटांवर निशाचर पालींच्या मूळच्या काही जाती आहेत. त्या आकाराने लहान असतात आणि त्यांच्या बोटांखाली, आपल्या घरातल्या पालीसारख्या, चिकटणाऱ्या गाद्या नसतात. त्या नख्यांच्या आधाराने चालतात. घरपाल आली की ती या पालींना त्यांच्या फटींतून आणि कपारींतून हुसकावते, आणि बाहेर पडलेली पाल उघड्यावर सापडून मरते किंवा उपाशी राहते. मग या जाती काही बेटांवर टिकल्या कशा? अभ्यासकांना याचे उत्तर खडकात सापडले. घरपालीच्या बोटांवरच्या गाद्या गुळगुळीत आणि घट्ट पृष्ठभागावर अप्रतिम पकड घेतात, पण ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या भुसभुशीत खडकावर त्या धुळीने माखतात आणि निकामी होतात. नख्यांनी चालणारी पाल मात्र तिथे खुशाल चढते. अशा ठिसूळ कड्यांच्या आडोशाला त्या जाती वाचल्या. निसर्गसंरक्षणाचे पुष्कळसे शहाणपण अशा सूक्ष्म गोष्टींत दडलेले असते. कुठला प्राणी कुठे राहतो, हे सगळेच नोंदवतात. तो तिथेच का उरला, हे विचारले की पुढची वाट दिसते.

चिचुंद्रीची हकिकत याहून कठोर आहे. उत्तरेतल्याच फ्लॅट आयलंड नावाच्या बेटावर १९९५ साली नारिंगी शेपटीची एक सापसुरळी सापडली. जगात ती अन्यत्र कुठेही नव्हती. या बेटावरचे उंदीर आणि मांजरे पुढे मोठ्या खटपटीने काढून टाकण्यात आली. तरीही एका जातीचा एकच पत्ता असणे धोक्याचे म्हणून २००८ पासून तिथल्या काही सापसुरळ्या पकडून गनर्स क्वॉइन नावाच्या, उंदीर काढून स्वच्छ केलेल्या, दुसऱ्या बेटावर सोडायला सुरुवात झाली. २०१० साली फ्लॅट आयलंडवर चिचुंद्री आढळली. एखाद्या होडीतल्या सामानातून ती आली असावी. चिचुंद्री पिले देते, ती पिले काही आठवड्यांत मोठी होतात, आणि एवढ्याशा बेटावर तिला अडवणारे कुणीच नव्हते. दीड-दोन वर्षांच्या आत फ्लॅट आयलंडवरची नारिंगी शेपटीची सापसुरळी संपली. तिचे दुसरे घर जेमतेम वेळेत तयार झाले होते, म्हणून ती जात आज जगात आहे. या कामाला दोन वर्षे उशीर झाला असता, तर बैल गेला नि झोपा केला, अशी गत झाली असती.

यातला दैवदुर्विलास असा, की हेच फ्लॅट आयलंड एकोणिसाव्या शतकात विलगीकरणाचे ठिकाण होते. कॉलराची शंका आलेल्या जहाजांवरच्या भारतीय मजुरांना मुख्य बेटावर रोग जाऊ नये म्हणून तिथे उतरवून ठेवत, आणि अशा विलगीकरणात कित्येकांचे हाल होऊन मृत्यू झाले. माणसांना अडवायला जे बेट वापरले गेले, त्याच्यावर एक चिचुंद्री अडवता आली नाही.

आता उपायांकडे. पहिला उपाय ऐकायला सोपा आणि करायला अवघड आहे: आगंतुक प्राणी बेटावरून शेवटच्या जिवापर्यंत काढून टाकायचे. नव्वद टक्के काढून उपयोग नसतो, कारण उरलेले दहा टक्के काही हंगामांत पूर्वीइतके होतात. राउंड आयलंडवरच्या शेळ्या १९७९ पर्यंत गोळ्या घालून संपवल्या गेल्या. ससे अधिक चिवट होते. १९८६ साली न्यूझीलंडच्या वन्यजीव खात्याचे डॉन मर्टन यांनी, रक्त गोठू न देणाऱ्या विषाचे आमिष संपूर्ण बेटावर पसरून, ते काम पूर्ण केले. त्या वेळी ते आमिष खाऊन काही सापसुरळ्याही दगावल्या. हे लपवण्यासारखे नाही. ज्या जातीला वाचवायचे, तिचेच काही जीव त्या कामात जातात, आणि तो निर्णय कुणीतरी डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. शेळ्या-सशांना मारण्याबद्दलही अनेकांचे मन कचरते, आणि ती भावना मला परकी नाही. पण शेळीची जात शेळ्यांच्या त्या एका कळपाबरोबर संपत नाही; सापाची संपते. काही न करणे हाही निर्णयच असतो आणि त्यातही जीव जातातच.

ससे गेल्यावर ताडांची रोपे पुन्हा दिसू लागली. पण रोपांबरोबर तणही माजले, कारण पूर्वी सशांनी दोन्ही सारखेच खाल्ले होते. बेट पूर्ववत व्हायचे तर तण खाणारे आणि बिया पसरवणारे कुणीतरी हवे होते, आणि ते काम पूर्वी महाकाय कासवे करत. ती तर नामशेष झालेली. इथे एक धाडसी कल्पना पुढे आली: मूळचे कासव नाही तर त्याच्यासारखे काम करणारे दुसरे आणायचे. सेशेल्समधल्या अल्दाब्रा या प्रवाळबेटावर महाकाय कासवांची दुसरी एक जात वाचलेली आहे, आणि तिच्या वाचण्यामागे एक पत्र आहे. चार्ल्स डार्विन यांच्यासह काही नामवंत निसर्गशास्त्रज्ञांनी १८७४ साली मॉरिशसच्या गव्हर्नरला लिहून अल्दाब्राच्या कासवांना संरक्षण देण्याची विनंती केली होती. आज तिथे सुमारे एक लाख कासवे आहेत. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ साली मरण पावलेले, अडीचशे वर्षांचे असल्याचे सांगितले जाणारे ‘अद्वैत’ हे कासव याच जातीचे होते.

ही कासवे प्रथम २००० साली मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळच्या इल ओझेग्रेत, म्हणजे बगळ्यांच्या बेटावर आणि २००७ साली राउंड आयलंडवर सोडण्यात आली. इल ओझेग्रेतवर आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले एक आबनूस आहे. तोडीमुळे ते फार कमी झाले होते, आणि त्याची फळे झाडाखालीच पडून तिथेच कुजत. त्यांना दूर नेणारे कुणी उरले नव्हते. कासवांनी ती फळे खाल्ली, बिया पोटातून गेल्या, आणि शेणातून त्या अधिक चांगल्या रुजतात असे आढळले. जिथे आबनूस उरले नव्हते, अशा भागांत त्याची रोपे दिसू लागली. कासव मंद चालते आणि त्याचे पचन त्याहून मंद असते; बीज झाडापासून लांब नेण्यासाठी नेमके हेच लागते. परक्या जातीला मुद्दाम आणण्याचा हा मार्ग सर्वांना मान्य नाही. ज्या चुकीमुळे मुंगूस आले, त्याच चुकीची ही दुसरी आवृत्ती आहे, असा आक्षेप घेतला जातो. माझ्या मते दोहोंत मोठा फरक आहे. कासव कुंपणात ठेवता येते, मोजता येते आणि नकोसे झाले तर चार माणसांनी उचलून परत नेता येते. मुंगसाच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नव्हते.

सरपटणारे प्राणी बेटावर किती कामे करतात, हे कळायला आणखी एक उदाहरण पुरेसे आहे. मॉरिशसच्या कड्यांवर घंटेच्या आकाराच्या फुलांची एक दुर्मीळ वनस्पती आहे आणि तिचा मध लाल रंगाचा असतो. फुलांतला मध सहसा पाण्यासारखा असताना इथे तो लाल का, याचे कोडे होते. दिवसा वावरणाऱ्या हिरव्यागार पाली रंगीत मधाकडे अधिक ओढल्या जातात, असे प्रयोगांत दिसले. म्हणजे आपल्याकडे जे परागीभवनाचे काम मधमाशी करते, त्यातले काही तिथे पाल करते. अशी पाल गेली, तर कड्यावरचे फूलही अडचणीत येते.

दुसरा उपाय म्हणजे बेटाबाहेर राखीव साठा ठेवणे. निसर्गप्रेमी जेराल्ड ड्युरेल १९७० च्या दशकात राउंड आयलंडला गेले आणि त्यांच्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात बोआ, सापसुरळ्या आणि पाली यांची वीण करण्याचे काम सुरू झाले. बीळ करणारा साप तोवर दिसेनासा झालेला असल्याने त्याच्यासाठी काही करता आले नाही. या साठ्याची गरज पुन्हा अगदी अलीकडे भासली. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचे जपानी मालकीचे जहाज मॉरिशसच्या आग्नेयेच्या प्रवाळावर चढले, आणि ६ ऑगस्टपासून त्यातून सुमारे एक हजार टन इंधन तेल समुद्रात सांडले. त्याच किनाऱ्यालगतच्या चिमुकल्या बेटांवर सापसुरळ्या आणि निशाचर पाली होत्या. तेलाचा परिणाम काय होईल, याची वाट न पाहता त्यांतल्या काही पकडून जर्सीला विमानाने पाठवण्यात आल्या.

पण पिंजऱ्यातला साठा म्हणजे संरक्षण पूर्ण झाले, असे नाही. हिंदी महासागरातल्याच ख्रिसमस आयलंडवर, जे ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे, आपल्या कवड्याचा एक जवळचा नातलग १९८० च्या दशकात पोहोचला आणि तिथल्या मूळच्या पाली-सापसुरळ्या झपाट्याने नाहीशा झाल्या. दोन जाती वेळेवर पकडून वाढवल्या गेल्या आणि त्या आज केवळ माणसाच्या देखभालीमुळे टिकून आहेत. तिसरी, रानातली सापसुरळी, पकडायला उशीर झाला. तिची गंप नावाची शेवटची मादी पिंजऱ्यात होती. तिला जोडीदार मिळाला नाही आणि ३१ मे २०१४ रोजी ती मेली. वाचलेल्या जातींना परत रानात सोडायचे, तर तो साप अजून तिथे आहेच. घर मोकळे झाल्याशिवाय घरमालकाला परत नेता येत नाही.

म्हणून तिसरा उपाय, आणि रोजच्या कामात हाच सर्वांत कंटाळवाणा: काही नवीन येऊ न देणे. राउंड आयलंडवर जाणाऱ्या प्रत्येकाचे सामान आधी तपासले जाते. बुटांचे तळ, मोज्यांत अडकलेली कुसळे, पिशव्यांच्या शिवणी, खिशांचे कोपरे हे सगळे उलटेपालटे करून पाहायचे, आणि मग सामान उंदीर-किडे शिरणार नाहीत अशा घट्ट बंद डब्यांत भरायचे. एखादे गवताचे बी किंवा मुंग्यांचे एक वारूळभर कुटुंबही तिथे पुरेसे असते. या कामात कौतुक होत नाही, छायाचित्र येत नाही, आणि ते यशस्वी झाले की काहीच घडत नाही. घरी पाहुणे येण्याआधी धान्याचे डबे घट्ट लावणाऱ्या गृहिणीला या कामाचे मर्म कुणी वेगळे सांगायला नको.

गनर्स क्वॉइन बेटावर मात्र गेल्या काही दशकांत जे घडले, ते पाहण्यासारखे आहे. १९९० च्या दशकात तिथले उंदीर आणि ससे काढून टाकण्यात आले. त्यानंतर झाडोरा सावरू दिला गेला. २००६-०७ मध्ये राउंड आयलंडवरून टेलफेअरची सापसुरळी तिथे आणून सोडली. फळांपासून किड्यांपर्यंत सगळे खाणारी, प्रसंगी लहान सापसुरळ्याही गिळणारी ही दांडगी सापसुरळी पाहता पाहता वाढली. सापाची पाळी त्यानंतर आली, कारण आधी साप नेला असता तर त्याला खायला काय होते? २०१२ साली राउंड आयलंडवरचे साठ बोआ रात्री विजेऱ्यांच्या उजेडात शोधून पकडले आणि गनर्स क्वॉइनवर नेऊन सोडले. तोपर्यंत दुमडणाऱ्या जबड्याच्या त्या सापाचा निसर्गातला पत्ता जगात एकच होता. त्या वर्षापासून तो दोन झाला.